अ‍ॅम्प्लिफायरचा आयसी का उडतो आणि स्पीकर का घुमतो

होम थिएटरचा एक चॅनल बंद पडला, झाकण उघडलं, तर आत पाच पायांचा आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, फुटलेला. दुकानातून तसाच दुसरा आणला, सोल्डर केला, चालू केला आणि पाच सेकंदांत तोही गेला. या छंदात नव्याने पडलेल्या बहुतेकांनी हे भोगलेलं असतं. मी एका रविवारी तीन उडवले होते. चौथा बसवण्याआधी मीटर हातात घेतला, तेव्हा कळलं की आधीच्या कुणीतरी जळलेल्या १२-०-१२ (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरच्या जागी १५-०-१५ बसवून दिला होता. आयसी बिचारे चांगलेच होते.

म्हणून इथे आयसी कसा बदलायचा यापेक्षा तो कशाने गेला हे शोधण्यावर जास्त भर आहे. दुसरा भाग स्पीकरमधल्या त्या अखंड ‘घूं’ आवाजाचा. तिथेही लोक आधी भाग बदलतात आणि मग मोजतात.

उदाहरणासाठी टीडीए २०३० आणि त्याची भावंडं घेतली आहेत: २०३०ए, २०५०. एलएम १८७५चेही पाय याच क्रमाने असतात. आपल्याकडच्या २.१ आणि ५.१ संचांत, तयार बोर्डांत हीच मंडळी सापडतात आणि पाचच पाय असल्याने शिकायला सोपी आहेत. अक्षरं आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून: १ इनपुट, २ फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत येतो तो पाय), ३ उणे सप्लाय, ४ आउटपुट, ५ अधिक सप्लाय. हा क्रम कागदावर लिहून टेबलावर चिकटवा.

टेबलावर काय हवं

साधा डिजिटल मीटर, सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप, १०० ओहम ५ वॉटचा एक रेझिस्टर, गेला तरी दुःख होणार नाही असा एखादा जुना स्पीकर, आणि सिरीज बल्ब. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. लाकडी बोर्डावर एक होल्डर आणि एक सॉकेट, आणि सॉकेटकडे जाणारी फेजची वायर होल्डरमधून फिरवलेली. त्यात ६० वॉटचा जुना पिवळा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही, कारण तापल्यावर तारेचा रेझिस्टन्स वाढतो आणि करंटला आपोआप लगाम बसतो, हीच तर गंमत आहे. अ‍ॅम्प या सॉकेटमधून चालू केला की बल्ब क्षणभर पेटून मंदावतो: कपॅसिटर भरले, सगळं ठीक. बल्ब पेटलेलाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. पण आयसी, ट्रान्सफॉर्मर आणि घरचा फ्यूज तिघेही शाबूत राहतात. सॉकेटची अर्थची पिन मात्र थेट जोडलेली हवी, ती बल्बमधून न्यायची नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे, स्विचकडे आणि फ्यूज होल्डरकडे २३० व्होल्ट उघडे असतात. आत हात घालायचा तर प्लग उपटून, नुसतं बटण बंद करून नाही. मोठे कपॅसिटर त्या १०० ओहमच्या रेझिस्टरने काही सेकंद डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी उडवायची पद्धत दुकानात पाहिली असेल. तिने पॅडही (बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या) उडतात आणि कपॅसिटरलाही मार बसतो.

आयसी खरंच गेलाय का?

आवाज नाही म्हणजे आयसी गेला असं नाही. दोन्ही चॅनलचे स्पीकर आपसांत बदला. दोष स्पीकरबरोबर दुसरीकडे गेला, तर झाकण उघडायचीही गरज नाही. मग इनपुटच्या वायरी बदलून बघा. एवढ्यावरच बऱ्याच तक्रारी मिटतात.

इतकं करूनही त्याच चॅनलला आवाज नसेल, तर प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून मीटर डायोडच्या रेंजला लावा. पाय ४ ते ५ आणि ४ ते ३, दोन्हीकडे प्रोब उलटसुलट करून मोजा. चांगल्या चॅनलमध्ये एका दिशेला ०.५ ते ०.६च्या आसपास आकडा येतो आणि दुसऱ्या दिशेला बझर वाजत नाही. बझर दोन्ही दिशांनी वाजला, तर शॉर्ट आहे. पण लगेच आयसीला दोष देऊ नका. आउटपुटपासून दोन्ही सप्लायकडे जाणारे दोन संरक्षक डायोड याच पायांना समांतर असतात. त्यांचा एकेक पाय उचलून पुन्हा मोजा. स्टिरिओ संचात शेजारचा चालू चॅनल म्हणजे फुकट मिळालेली उत्तरपत्रिका आहे. प्रत्येक आकडा तिथल्या आकड्याशी ताडून बघत जा.

शॉर्ट नसेल, तर स्पीकर काढून ठेवा आणि सिरीज बल्बवर चालू करून डीसी व्होल्ट मोजा. काळा प्रोब सप्लायच्या शून्यावर, म्हणजे ग्राउंडवर. पाय ५ वर अधिक, पाय ३ वर तेवढंच उणे, पाय ४ वर शून्याच्या जवळ, म्हणजे ५० मिलिव्होल्टच्या आत. शंभरपर्यंत चालून जातं. हे दुहेरी, म्हणजे अधिक आणि उणे दोन्ही असलेल्या, सप्लायचं झालं. एकेरी सप्लायवरच्या बोर्डात पाय ४ वर सप्लायच्या निम्मे व्होल्ट असतात आणि पुढे मोठा कपॅसिटर ते अडवतो.

पाय ४ वर भरपूर व्होल्ट दिसले, तर नवशिका म्हणतो, ‘गेला’. थांबा. पाय ४ ते पाय २ हा २२ किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर ओपन असेल किंवा त्याचं सोल्डर कच्चं असेल, तर आउटपुट एका सप्लायला जाऊन चिकटतं. पाय १ वरून शून्याकडे जाणारा २२ किलोओहम निखळला, तरी तेच होतं. उणे बाजूचा फ्यूज गेलेला असेल, तर आउटपुट अधिककडे ओढलं जातं आणि आयसीची काहीच चूक नसते. हे तिन्ही दोन मिनिटांत तपासून होतात. या अवस्थेत स्पीकर जोडू मात्र नका. डीसीने व्हॉइस कॉइल जळायला फार वेळ लागत नाही, आणि स्पीकर आयसीच्या कितीतरी पट महाग असतो.

मोठ्या चिपांबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. एलएम ३८८६ला म्यूटचा वेगळा पाय आहे, आठवा. त्यातून उणे सप्लायकडे किमान अर्धा मिलिअँपिअर करंट ओढला गेला नाही, तर चिप जिवंत असूनही गप्प बसते. टीडीए ७२९४मध्ये नववा पाय स्टँडबाय आणि दहावा म्यूट. तिथला एक रेझिस्टर निसटला, की चांगली चिप कचऱ्यात जाते. टीपीए ३११६सारख्या क्लास डी (आउटपुट वेगाने चालू-बंद करून चालणाऱ्या) बोर्डांवर तर वरचं मोजमाप लागूच होत नाही. त्यांच्या स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट असतात आणि ते बरोबरच असतं. त्यातलं कुठलंही टोक ग्राउंडला लावायचं नाही.

कोणी मारला?

माझ्या टेबलावर येणाऱ्यांत पहिला आरोपी व्होल्टेज. हिशेब एकदा स्वतः करून बघा. टीडीए २०३०ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट, २०३०एची २२, २०५०ची २५. एलएम १८७५ला दोन्ही मिळून ६०, म्हणजे अधिक-उणे ३०. आता १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याच्यावर लिहिलेले १२ व्होल्ट पूर्ण भारावरचे असतात. गाणं बंद असताना लहान ट्रान्सफॉर्मर सहज १३.६ देतो. गुणिले १.४१४ म्हणजे १९.२, त्यातून डायोडचे ०.७ वजा, राहिले १८.५. साधा २०३० इथेच मर्यादेच्या बाहेर गेला. आपल्याकडे २३० व्होल्टची लाइन वर-खाली होत असते, त्यामुळे रात्री उशिरा लाइन २५० झाली की तेच १८.५ वाढून २०.२ होतात. ‘काल रात्रीपर्यंत चालू होता, सकाळी बंद’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणजे १२-०-१२वर २०३०ए आणि १५-०-१५वर एलएम १८७५. १५-०-१५वर २०५० लावणारे पुष्कळ आहेत, पण वरचाच हिशेब केलात तर तो काठावर येतो.

दुसरी उष्णता. अधिक-उणे १६ व्होल्ट आणि ४ ओहमचा स्पीकर असेल, तर या जातीच्या अ‍ॅम्पमध्ये एका आयसीत जास्तीत जास्त सुमारे १३ वॉट उष्णता तयार होते. दोन चॅनलचे मिळून २६, म्हणजे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न डब्यात बंद करून ठेवल्यासारखं. ही कमाल आवाज पूर्ण असताना येत नाही, साधारण मध्यावर येते. स्पीकर ८ ओहमचा असेल तर उष्णता निम्मी. दर वॉटमागे आयसीच्या आतला तुकडा त्याच्या धातूच्या पाठीपेक्षा ३ अंशांनी जास्त तापतो, आणि मध्ये वीज अडवणारी अभ्रकाची चकती असेल तर अजून साधारण एक अंश. म्हणजे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) ८० अंशांवर असेल, तर आतला तुकडा १३०च्या पुढे. १५०च्या आसपास आयसी स्वतःला बंद करतो आणि गार झाला की पुन्हा चालू होतो. ‘दहा मिनिटं वाजतो, मग थांबतो, मग परत वाजतो’ असं कुणी सांगितलं की आधी हीटसिंक बघा. अकोल्यात मे महिन्यात खोलीतच ४२ अंश असतात. पुण्यात चालणारा हीटसिंक तिथे अपुरा पडतो.

उष्णतेइतकाच फसवणारा प्रकार म्हणजे आयसीची पाठ. या चिपांची पाठ आतून पाय ३ला जोडलेली असते. एकेरी सप्लायवर पाय ३ म्हणजे ग्राउंड, त्यामुळे आयसी थेट हीटसिंकवर आणि हीटसिंक थेट डब्याच्या पत्र्यावर बसवला तरी चालतं. दुहेरी सप्लायवर तीच पाठ उणे १६ व्होल्टवर असते. हीटसिंक पत्र्याला टेकला, की उणे सप्लाय ग्राउंडला शॉर्ट. अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड लावाच, पण स्क्रूला प्लास्टिकची बुशही हवी. अभ्रक लावून बुश विसरणारे मी खूप पाहिलेत, त्यांत मीही आलो. बसवून झालं की आयसीची पाठ ते हीटसिंक बझर लावून बघा. वाजला, तर पुन्हा उघडा.

स्पीकरचा ओहमही मोजा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. दोन ४ ओहमचे समांतर जोडून ‘आवाज वाढवला’ असेल, तर भार २ ओहमचा झाला आणि आयसीचं आयुष्य त्या हिशेबाने कमी झालं.

यानंतर ऑसिलेशन, म्हणजे इनपुट नसतानाही आउटपुटने स्वतःच वेगाने डोलत राहणं. ते कानाला ऐकू येत नाही, म्हणून सुटून जातं. गाणं नाही, इनपुट नाही, तरी आयसी चटका देतो, अशी त्याची खूण. आउटपुटवर १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक असे ग्राउंडला जोडलेले असतात. तो १ ओहम काळा पडलेला दिसला, तर आयसी ऑसिलेट होत होता, असं जवळजवळ खात्रीने सांगता येतं. मग बघायचं: सप्लायच्या पायांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आहेत का? स्वस्त बोर्डांत ते गाळलेले असतात. ते बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला असून उपयोग नाही, बोर्डाखालून थेट पाय ३ आणि ५पासून ग्राउंडला सोल्डर करा. दुसरं कारण फीडबॅकमधला ६८० ओहम. २२ किलोओहम आणि ६८० ओहम मिळून गेन, म्हणजे आवाज मोठा करण्याचं प्रमाण, सुमारे ३३ पट होतो. कुणी ‘आवाज फाटतो’ म्हणून गेन पाच पटींवर आणला, तर ही चिप स्थिर राहत नाही. तिला किमान १६ पट, म्हणजे २४ डेसिबल तरी हवा.

राहिली नकली चिप. मूळ कंपनीने २०३० आणि २०५०चं उत्पादन कधीच थांबवलंय, तरी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ त्या मागाल तेवढ्या मिळतात. सगळ्याच वाईट नसतात, पण २०३० घासून २०५० छापलेल्याही असतात. कापसाला थोडा अ‍ॅसिटोन लावून अक्षरं पुसून बघा. पुसली गेली तर संशय घ्या. टिकली तरी पहिली चाचणी कमी व्होल्टेजवरच करा.

नवा आयसी बसवताना

१. जुन्या आयसीचे पाय आधी कटरने कापा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. अख्खा आयसी पंपाने सोडवायला गेलात, तर पॅड निघतात.

२. रिकाम्या बोर्डावर पाय ३-४ आणि ४-५ पुन्हा मोजा. शॉर्ट अजून आहे? मग तो आयसीत नाहीच.

३. नवा आयसी न बसवता, सिरीज बल्बवर, सप्लायचे व्होल्ट मोजा. अधिक आणि उणे जवळजवळ सारखे हवेत, आणि आयसीच्या मर्यादेच्या आत. माझे ते तीन आयसी याच पायरीवर वाचले असते.

४. आयसी आधी हीटसिंकला स्क्रूने बसवा, मग पाय सोल्डर करा. उलट केलंत तर स्क्रू आवळताना पायांवर ताण येतो आणि सोल्डर काही महिन्यांत तडकतं.

५. स्पीकर न लावता बल्बवर चालू करा. पाय ४ मोजा. शून्याजवळ असेल तर पाच मिनिटं तसंच ठेवा. आयसी कोमटच राहायला हवा.

६. मग जुना स्पीकर, मग गाणं हळू आवाजात, आणि हे सगळं जमलं की बल्ब काढा.

आता तो ‘घूं’

आधी कान लावा. ५० हर्ट्झचा आवाज खोल, गोल, दूरच्या मोटरसारखा असतो. १०० हर्ट्झचा जास्त टोकदार, भुंगा डबीत कोंडल्यासारखा. मोबाइलवर टोन काढणारं अ‍ॅप घेऊन इअरफोनमध्ये दोन्ही एकदा ऐका (मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाही), म्हणजे कानाला ओळख होते. सप्लायमुळे येतो तो बहुधा १०० हर्ट्झचा, कारण पूर्ण रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) लाटा दुप्पट होतात. बाहेरच्या अर्थिंगच्या फेऱ्यातून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून येतो तो ५०चा. पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की बदलणारी ‘चर्र’ तिसरीच, ती रेग्युलेटरचीच.

मग एक चाचणी करा. सगळी वाट तीच ठरवते. आरसीएची (ऑडिओ वायरीच्या टोकाला असते ती) एक जुनी पिन घ्या, आतली दांडी आणि बाहेरची कडी एकमेकांना सोल्डर करा. अशा दोन पिना करून ठेवा. सगळ्या वायरी काढून या पिना इनपुटमध्ये घाला. घूं राहिला, तर दोष अ‍ॅम्पच्या डब्यात. गेला, तर दोष बाहेर. ही चाचणी न करता घूं अडवणारा आयसोलेटर विकत आणणाऱ्यांची गिनती नको.

दोष डब्यात असेल तर

व्हॉल्यूम फिरवून बघा. फिरवल्याने घूं कमी-जास्त होत असेल, तर तो पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाच्या) आधी शिरतोय. होत नसेल, तर पॉटनंतर. पॉटच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर आवाज बदलला, तर ते अंग ग्राउंडला जोडलेलंच नाही. एक वायर सोल्डर करा. इनपुटची वायर साधी असेल तर शिल्डेड लावा आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर न्या. ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल करून तो थोडा फिरवला, तरी ५० हर्ट्झमध्ये फरक पडतो. सगळ्यात शांत कोन कानानेच शोधा.

१०० हर्ट्झचा भुंगा असेल, तर दुकानात पहिला सल्ला मिळतो, ‘कपॅसिटर मोठा टाका’. जुना कपॅसिटर फुगलेला, वाळलेला असेल तर तो बदलायलाच हवा. पण चांगल्या कपॅसिटरच्या जागी दुप्पट मोठा टाकणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. हिशेब बघा: गाणं नसताना दोन्ही आयसी मिळून सुमारे ०.०८ अँपिअर घेतात. २२०० मायक्रोफॅरडवर दर १० मिलिसेकंदांत त्याने ०.३६ व्होल्टचा चढउतार होतो, आणि तेवढा ही चिप सहज पचवते. मग भुंगा येतो कुठून? ग्राउंडच्या वायरीतून.

ट्रान्सफॉर्मर कपॅसिटरला सतत करंट देत नाही. लाटेच्या शिखरावर झटका देतो आणि गप्प बसतो. सरासरी ०.१ अँपिअर असली, तरी झटका एका अँपिअरच्या घरात जाऊ शकतो. हा झटका ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून कपॅसिटरच्या शून्यापर्यंतच्या वायरीतून धावतो. ती वायर १५ सेंटिमीटरची आणि बारीक असेल, तर तिचा रेझिस्टन्स सुमारे १३ मिलिओहम. म्हणजे तिच्या दोन टोकांत १३ मिलिव्होल्टचा फरक. तुमच्या इनपुटचं ग्राउंड जर या वायरीच्या चुकीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरकडे, जोडलेलं असेल, तर हे १३ मिलिव्होल्ट गाणं समजून ३३ पट मोठे केले जातात. स्पीकरवर ०.४ व्होल्टचा भुंगा. मोठा कपॅसिटर टाकलात तर झटके अजून उंच आणि अरुंद होतात, म्हणून कधीकधी आवाज उलट वाढतो.

इलाज एक वायर हलवण्याचा आहे. दोन्ही कपॅसिटर जिथे शून्याला मिळतात, तिथून एक जाड, आखूड तुकडा बाहेर काढा. त्याच्या टोकाला, म्हणजे तारका बिंदूला, स्पीकरच्या परतीच्या वायरी, आयसीच्या बोर्डाचं ग्राउंड आणि इनपुटचं ग्राउंड, प्रत्येकी स्वतंत्र वायरीने आणून जोडा. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर फक्त कपॅसिटरपर्यंत. तिच्यावर दुसरं काहीही टांगायचं नाही.

ब्लूटूथचं छोटं बोर्ड आतच बसवून त्याला अ‍ॅम्पच्याच सप्लायमधून ५ व्होल्ट दिले असतील, तर घूंऐवजी ‘चीं’ ऐकू येते आणि मोबाइल जोडला जाताना टिकटिक. तिथे सप्लायचं ग्राउंड आणि ऑडिओचं ग्राउंड असा डब्यातच फेरा तयार झालेला असतो. बी०५०५एस नावाचं एक वॉटचं आयसोलेटेड मॉड्यूल मध्ये घातलं, की बहुतेक वेळा शांत होतं.

दोष बाहेर असेल तर

आता खरा ग्राउंड लूप. अ‍ॅम्पचा थ्री पिन प्लग अर्थला, लॅपटॉपच्या चार्जरचाही थ्री पिन प्लग अर्थला, आणि दोघांमध्ये ऑडिओ वायरची जाळी. अर्थच्या दोन वाटा आणि जाळी मिळून एक बंद फेरा झाला. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असला, तरी त्या फेऱ्यात ५० हर्ट्झचा करंट वाहतो, आणि जाळीत पडणारे व्होल्ट गाण्यात मिसळतात.

ओळखायला सोपं आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं गेला? लूप सापडला. टीव्ही जोडलेला असेल, तर सेटटॉप बॉक्सला येणारी डिशची किंवा केबलची वायर उघडा. ती गच्चीवर, खांबावर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते आणि फेरा तिच्यातून पुरा होतो.

इथे कुणीतरी हमखास सांगतं: ‘अर्थची पिन काढून टाक, घूं जातो.’ जातो, हे खरं आहे. पण उद्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटून फेज पत्र्याला लागली, तर अर्थ असताना फ्यूज उडतो. अर्थ नसताना पत्रा २३० व्होल्टवर तसाच उभा राहतो, हात लागायची वाट बघत. पिन कापायची नाही, टेप गुंडाळायची नाही, थ्री पिन टू टू पिनचा टॉप लावायचा नाही.

उलटाही प्रकार असतो. टू पिन चार्जरवरचा लॅपटॉप किंवा टीव्ही, ज्याच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. त्या एसएमपीएसमधल्या, म्हणजे आतल्या स्विचिंग सप्लायमधल्या, एका कपॅसिटरमुळे येतात आणि अ‍ॅम्पलाही अर्थ नसेल, तर तोच करंट ऑडिओ वायरीतून घूं आणतो. इथे दोष लूपचा नाही, अर्थ नसल्याचा आहे. जुन्या घरांत थ्री पिन सॉकेटचं मोठं भोक बऱ्याचदा नुसतं शोभेचं असतं, किंवा न्यूट्रलला जोडलेलं असतं, जे त्याहून वाईट. वायरमनकडून तपासून घ्या.

खऱ्या लूपवर आता स्वस्तापासून सुरुवात करू. लॅपटॉप, टीव्ही, अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणा; फेरा लहान झाला की बरेचदा एवढ्यावर भागतं. गणपतीत मंडपात एका टोकाला मिक्सर, दुसऱ्या टोकाला अ‍ॅम्प आणि दोघांना वेगवेगळ्या खांबांवरून लाइन असते, तिथे घूं का असतो हे आता कळलं असेल. टीव्हीला ऑप्टिकल आउट असेल, तर ऑप्टिकल केबल आणि छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचा साधा ऑडिओ करणारा डबा) घ्या. मध्ये तांबंच नाही म्हटल्यावर फेरा कुठून होणार? लॅपटॉपसाठी ऑडिओ ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर चालतो, पण अगदी स्वस्तातला खालचे सूर, तबल्याचा डग्गा, खाऊन टाकतो. घेण्याआधी ऐकून घ्या.

आणि अ‍ॅम्प तुम्ही स्वतः बांधत असाल, तर इलाज आतच करून ठेवता येतो. प्लगची अर्थ वायर पत्र्याला थेट, स्क्रू आणि दातेरी वॉशरने घट्ट. ती कायम तशीच. ऑडिओचं ग्राउंड, म्हणजे तो वरचा तारका बिंदू, पत्र्याला थेट न जोडता १० ओहमच्या रेझिस्टरमधून जोडा. रेझिस्टरला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर: त्याची अधिक आणि उणे टोकं एकमेकांना जोडून टाका, एसीचं एक टोक ऑडिओ ग्राउंडला, दुसरं पत्र्याला. लूपच्या मिलिव्होल्टांना १० ओहम अडवतो. खरी फेज आत शिरली, तर डायोड मोकळी वाट देतात आणि फ्यूज उडतो.

जोडून झाल्यावर प्लग बाहेर ठेवून दोन मोजमापं घ्या. प्लगची अर्थ पिन ते पत्रा: एक ओहमच्या आत. पत्रा ते आरसीएची बाहेरची कडी: दहाच्या आसपास. दुसऱ्या मोजमापात शून्य आलं, तर आरसीए सॉकेटची प्लास्टिकची वॉशर बसवायची राहिलीय आणि कडी पत्र्याला टेकलीय. तिथे नसेल, तर व्हॉल्यूम पॉटचं नट बघा.